नागपूरच्या उन्हाळ्यात शिंजिरांसाठी साखरपाणी

मोबाइलवर हमिंगबर्डच्या चित्रफिती पाहून लाल फुलांची प्लॅस्टिकची बाटली मागवणारे आता नागपुरातही कमी नाहीत. बाटली येते, गॅलरीत टांगली जाते, तिच्याकडे आठवडाभर कोणी फिरकत नाही आणि फिरकतात त्या फक्त मुंग्या. म्हणून पहिली गोष्ट आधीच सांगून टाकतो, आपल्याकडे हमिंगबर्ड येणार नाही. त्याच्या ३६०च्या आसपास जाती आहेत आणि त्या सगळ्या उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतच राहतात. संध्याकाळी मधुमालतीवर भिरभिरणारा, लांब सोंडेचा जो ‘हमिंगबर्ड’ काहींनी आपल्या अंगणात पाहिलेला असतो, तो पतंग असतो.

फुलांतला रस पिऊन राहणारा आपला पक्षी वेगळा आहे. तो म्हणजे शिंजीर. काही जण त्याला सूर्यपक्षी म्हणतात. महाराजबागेत, सेमिनरी हिल्सवर, अंबाझरीच्या काठाने तो दिसतोच, पण धरमपेठेतल्या किंवा बजाजनगरातल्या दोन कुंड्यांच्या गॅलरीतही येतो. साखरपाणी ठेवायचं ते त्याच्यासाठी. ते करायला पाच मिनिटं लागतात आणि कुणालाही जमतं. अवघड आहे ती नंतरची रोजची धुणी-पुसणी, आणि पारा ४५च्या पुढे जाणाऱ्या आपल्या गावात तर तीच सगळ्यांत महत्त्वाची. अमेरिकेतल्या थंड अंगणांसाठी लिहिलेल्या सूचना इथे जशाच्या तशा चालत नाहीत.

आधी पाहुणा ओळखा

नागपुरात प्रामुख्याने दिसतो तो जांभळा शिंजीर. लांबी जेमतेम १० सेंटिमीटर, वजन १० ग्रॅमच्या आत, चोच बारीक आणि खाली वळलेली. विणीच्या दिवसांत नर लांबून नुसता काळा दिसतो. ऊन पडलं की निळा-जांभळा चमकतो. मादी वरून मातकट, खालून पिवळसर. वीण संपली की नरही मादीसारखाच दिसू लागतो, फक्त हनुवटीपासून पोटापर्यंत एक गडद पट्टी राहते. मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांच्या मधला आठवडा राज्यात २०२०पासून ‘पक्षी सप्ताह’ म्हणून पाळला जातो. त्या आठवड्यात पाहिलंत तर नर बहुधा याच साध्या पोशाखात भेटेल. नवख्या माणसाला वाटतं, नर गेले कुठे?

तो खातो कसा हेही नीट पाहा, कारण भांडं कसं असावं हे त्यावरून ठरतं. हमिंगबर्ड हवेत एका जागी थांबून पितो. शिंजिरालाही क्षणभर तसं जमतं, पण त्याची पसंती बसून पिण्याला. जास्वंदीवर तो आला की फुलाच्या तोंडाशी क्वचितच जातो. देठाला उलटा लटकतो, फुलाच्या बुडाशी चोचीने बारीक भोक पाडतो आणि तिथून नळीसारखी जीभ आत घालून रस ओढतो. परागकणांना हात न लावता केलेली ही सरळ चोरी असते. कोमेजलेल्या जास्वंदीच्या बुडाशी तपकिरी टोचा दिसला, तर शिंजीर तुमच्याकडे आधीपासूनच येतो आहे असं समजा.

साखरपाण्याची कृती

प्रमाण एकच लक्षात ठेवा: एक भाग साधी पांढरी साखर, चार भाग पाणी. माप आकारमानाचं, वजनाचं नाही. म्हणजे ज्या चमच्याने साखर घ्याल त्याच चमच्याने पाणी मोजा. चमचा सपाट भरावा, शीग लावू नये.

सुरुवातीला थोडंच करा. पोह्याचे दोन चमचे साखर आणि आठ चमचे पाणी एवढं एका वेळेला भरपूर होतं. पाणी घरात प्यायला वापरता तेच घ्यावं. बोअरवेलचं खारं पाणी नको. स्टीलच्या पातेल्यात पाणी उकळा, गॅस बंद करा, साखर घालून पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. पाकासारखं आटवत बसू नका, कारण पाणी उडून गेलं की प्रमाण बिघडतं. झाकण ठेवून पूर्ण निवू द्या. कोमट पाणीही भांड्यात भरू नये.

चारास एक हे प्रमाण हमिंगबर्डसाठी ठरलं, पण शिंजिरालाही ते मानवतं. या मिश्रणात वजनाने साधारण १७-१८ टक्के साखर असते, आणि पक्ष्यांवर विसंबणाऱ्या फुलांचा रस साधारण याच सुमाराचा पातळ असतो. नवतपा सुरू झाला की पाचास एक केलं तरी चालतं. त्या दिवसांत पाखराला साखरेइतकीच पाण्याची गरज असते. उलट ‘जरा गोड असू दे’ म्हणून तिनास एक किंवा दोनास एक करू नका. घट्ट पाकाबरोबर पोटात पाणी कमी जातं, आणि मधमाश्यांना घट्ट गोडी जास्त आवडते, त्यामुळे त्या झुंडीने येतात.

उरलेलं मिश्रण झाकणाच्या काचेच्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये आठवडाभर ठेवता येतं. वापरण्यापूर्वी थोडा वेळ बाहेर काढून ठेवा. गढूळ झालं, तळाशी धागे दिसले किंवा आंबूस वास आला, तर साखरेचा विचार न करता मोरीत ओता.

यात काय घालू नये

आपल्या मनाला साखरेपेक्षा गूळ आणि मध ‘नैसर्गिक’ वाटतात. इथे तो हिशेब चालत नाही.

मध घट्ट असतो तोवर टिकतो. पाण्यात मिसळला की लवकर आंबतो आणि त्यात बुरशी वाढते. ही बुरशी पक्ष्याच्या तोंडा-जिभेला लागली तर त्याला खाता येत नाही. एवढ्याशा जिवाला उपाशी राहणं परवडत नाही.

गूळ आणि तपकिरी साखरेत मळी असते, तिच्याबरोबर लोह आणि इतर खनिजं येतात. रसावर जगणाऱ्या पक्ष्यांच्या शरीराला फार थोड्या लोहाची सवय असते. जादा लोह यकृतात साठून राहतं. आपल्यासाठी गुळाची जी थोरवी सांगतात, तीच इथे अडचण ठरते.

लाल रंग घालू नये. रंग पक्ष्याला बोलावण्यासाठी असतो, आणि ते काम भांड्याच्या लाल झाकणाने किंवा बाहेरून बांधलेल्या लाल फितीने भागतं. तयार सरबतं, पावडरी आणि संत्र्याचा रस यांतलं काहीही नको. शुगर-फ्री गोळ्या तर मुळीच नकोत. गोडी लागते पण ताकद मिळत नाही, आणि पाखरू पोट भरल्याच्या समजुतीत उपाशी राहतं. पिठीसाखरेतही कधी कधी पीठ मिसळलेलं असतं, म्हणून साधी दाणेदार साखरच बरी. मीठ, लिंबू, इलेक्ट्रोलाइट यांची गरज नाही.

भांडं कसं असावं

बाजारातली बहुतेक भांडी उलट्या बाटलीची असतात. वर बाटली, खाली भोकं. थंड हवेत ती ठीक चालतात. नागपूरच्या उन्हात बाटलीतली हवा तापून फुगते, रसाला खाली ढकलते आणि भोकांतून थेंब गळू लागतात. खाली चिकट फरशी आणि तिच्यावर मुंग्यांची रांग. यापेक्षा पसरट डबी चांगली, कारण तिच्यात रस खाली असतो आणि भोकं वर झाकणाला.

अशी डबी घरीही होते. घट्ट झाकणाची, अन्नासाठी चालणारी, तळहाताएवढी प्लॅस्टिकची डबी घ्या. झाकणाला तापवलेल्या खिळ्याने तीन-चार मिलिमीटरची तीन-चार भोकं पाडा आणि कडा कानसून गुळगुळीत करा, नाहीतर चोच आणि जीभ खरचटते. भोकांभोवती लाल इन्सुलेशन टेपच्या पाकळ्या चिकटवा. ऑइलपेंट किंवा नेलपॉलिश वापरू नका. डबीच्या बाजूने, भोकांच्या पातळीच्या किंचित खाली, पेन्सिलीपेक्षा बारीक काडी आडवी बांधा. हाच शिंजिराचा पाट. अमेरिकी पद्धतीच्या बिनकाडीच्या भांड्यावर तो झटापट करून कंटाळतो. रस झाकणापासून फार खाली जाऊ देऊ नका. चोच दोन सेंटिमीटरच्या आसपासच असते, तेव्हा थोडाच रस भरायचा असला तर डबीच उथळ निवडा.

टांगायचं कुठे

पश्चिमेच्या भिंतीवर टांगू नका. दुपारी तीनला तिथे हात लावून पाहा, कारण कळेल. पूर्वेची किंवा उत्तरेची गॅलरी, झाडाची सावली किंवा हिरव्या जाळीखालची जागा बरी. कूलरच्या झोतात डबी हेलकावे खाते आणि रस सांडतो, म्हणून तिथेही नको. जवळच एखादी फांदी किंवा वेल असावी. शिंजीर आधी तिथे बसून चहूकडे पाहतो, मग येतो. मांजरीला उडी मारता येईल असा कठडा जवळ नसावा.

आरशाची आणि काचेची काळजी घ्या. विणीच्या काळात नर स्वतःचं प्रतिबिंब पाहून दुसरा नर आला असं समजतो आणि खिडकीच्या तावदानावर, स्कूटरच्या आरशावर तासन् तास चोची मारत राहतो. हा खेळ नव्हे. त्यात तो दमतो. आरशावर कापडी पिशवी चढवा, काचेला बाहेरून कागद लावा.

चार दिवस कोणी आलं नाही म्हणून जागा बदलत राहू नका. ज्या कुंडीवर शिंजीर आधीपासून येतो, तिच्याजवळ डबी लावली तर तो लवकर शोधतो. पळस आणि काटेसावर फुलात असताना तो तुमच्या डबीकडे पाहणारही नाही. ती चांगलीच गोष्ट आहे.

बदलायचं कधी, धुवायचं कसं

साखरपाणी उन्हात ठेवलं की आंबतं, आणि आंबलेला रस ठेवण्यापेक्षा डबी रिकामी बरी. नागपूरसाठी वेळापत्रक साधारण असं ठेवावं.

• डिसेंबर-जानेवारीत, दिवसाचं तापमान ३०च्या खाली असताना: दर दोन-तीन दिवसांनी.
• ३० ते ४० अंशांत, म्हणजे फेब्रुवारीअखेरपासून आणि पुन्हा ऑक्टोबरच्या उकाड्यात: रोज सकाळी.
• ४०च्या पुढे, एप्रिलच्या मध्यापासून मृगापर्यंत: सकाळी सहाला भरा, अकराला काढा, संध्याकाळी पाचनंतर धुतलेल्या डबीत ताजं भरा. भर दुपारी शिंजीरही सावलीत दडून असतो, त्याचं काही अडत नाही.
• पावसाळ्यात: रोज, कारण दमट हवेत काळी बुरशी धरते. फुलं आणि किडे मुबलक असल्याने या दिवसांत डबी काढून ठेवली तरी बिघडत नाही.

अर्धी उरलेली डबी वरून भरत राहणं ही सगळ्यांत सर्रास होणारी चूक. जुनं ओतून, धुऊन, मगच नवं. धुताना कडकडीत गरम पाणी आणि बाळाच्या बाटलीचा ब्रश पुरतो. आठवड्यातून एकदा एक भाग पांढरं व्हिनेगर आणि दोन भाग पाणी यांत तासभर बुडवून ठेवा. भोकांच्या कडांना टूथब्रश मारा, बुरशी तिथूनच सुरू होते. साबण वापरलाच तर वास जाईपर्यंत खळखळून धुवा आणि वाळवा. दोन डब्या ठेवल्या तर एक वाळत असताना दुसरी टांगता येते.

गावाला जाणार असाल, शेजाऱ्यांना सांगता येत नसेल, किंवा रोज सकाळी हे करणं तुमच्याकडून होणार नसेल, तर डबी लावूच नका. त्यापेक्षा मातीच्या पसरट भांड्यात स्वच्छ पाणी ठेवा. ते शिंजिरालाही लागतं आणि चिमणी-बुलबुलांनाही.

मुंग्या, माश्या आणि मैना

मुंग्यांसाठी आपल्या स्वयंपाकघरातली जुनी युक्ती उपयोगी पडते, मिठाईच्या डब्याखाली पाण्याची परात ठेवण्याची. डबी टांगलेल्या तारेवर, डबीच्या वर, एक छोटी वाटी ओवून तिच्यात पाणी ठेवा. तार जिथून जाते तिथलं भोक मेणाने बंद करा. तारेला तेल, ग्रीस किंवा मुंग्यांची पावडर लावू नका. तेल पिसांना लागलं तर ती चिकटतात आणि पावडर तर विषच आहे.

मधमाश्या उन्हाळ्यात रसासाठी येतात तशा पाण्यासाठीही येतात. थोड्या अंतरावर खडे टाकलेली पाण्याची उथळ बशी ठेवा, म्हणजे बऱ्याचशा तिकडे वळतात. डबी गळत नाही ना, हेही पाहा.

मैना किंवा साळुंकी डबीपाशी घुटमळू लागली तर तिला साखरपाण्याची सवय लावू नका. तिच्या कुळातल्या पक्ष्यांच्या आतड्यात साधी साखर, म्हणजे सुक्रोज, फोडणारा विकर नसतो. ती पचत नाही आणि जुलाब होतात. शिंजीर मात्र ती जवळपास पूर्ण पचवतो. पांगाऱ्याच्या फुलांवर साळुंक्यांची गर्दी होते, कारण त्यांच्या रसात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जास्त असतं. म्हणूनच उघड्या ताटलीत साखरपाणी ठेवण्यापेक्षा बारीक भोकांची डबी बरी.

साखर म्हणजे जेवण नव्हे

साखरपाण्यातून ताकद मिळते, पण पिल्लू वाढत नाही. शिंजिराची मादी पिल्लांना भरवते ते कोळी, अळ्या आणि मऊ किडे. जांभळ्या शिंजिराची वीण आपल्याकडे साधारण फेब्रुवारीपासून मे-जूनपर्यंत चालते. मादी एकटीच घरटं बांधते. फांदीच्या, वेलीच्या, कधी कपडे वाळत घालायच्या तारेच्या टोकाशी लोंबती पिशवी, कोळ्याच्या जाळ्याने शिवलेली, वरून सालीचे तुकडे आणि अळ्यांची विष्ठा चिकटवलेली. बाजूला दार आणि दारावर पुढे आलेली छोटी पडवी. लांबून वाटतं, वाऱ्याने कचरा अडकला आहे. आत बहुधा दोन अंडी असतात, आणि ती उबायला दोन आठवड्यांहून थोडे अधिक दिवस लागतात.

तेव्हा डबीच्या जोडीला दोन गोष्टी करा. कुंड्यांवर कीटकनाशक फवारू नका. मावा पडलाच तर पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढा. आणि गॅलरीच्या वरच्या कोपऱ्यातली जळमटं उन्हाळाभर राहू द्या. घरटं गॅलरीतच झालं, तर डबी निदान दुसऱ्या टोकाला न्या, नाहीतर तिच्याभोवतीची वर्दळ घरट्यापर्यंत पोचते. फ्लॅश मारून फोटो काढू नका, फांदी वाकवून आत पाहू नका. पक्षी पकडणं, घरटं मोडणं, अंडी उचलणं हा १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हाही आहे.

फुलांची सोय

सालिम अली यांनी १९३२ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात फुलांवर येणारे पक्षी आणि पक्ष्यांवर विसंबणारी फुलं यांच्यावर मोठा लेख लिहिला होता. त्यात मांडलेली देवघेव अजून तशीच आहे: झाड रस देतं, पक्षी पराग नेतो. साखरपाण्याच्या डबीत ही देवघेव नाही. म्हणून डबी जोडीला असावी, मुख्य सोय झाडांचीच.

गॅलरीत जागा कमी असेल तर दोन कुंड्या पुरतात. एक हमेलियाची, कारण तिला केशरी-लाल नळकांडी फुलं जवळपास वर्षभर येतात आणि ऊन सोसतं. दुसरी एकेरी पाकळ्यांच्या लाल जास्वंदीची. दुहेरी पाकळ्यांच्या जातींत पक्ष्याला रसापर्यंत पोचणं कठीण जातं. जागा असल्यास कर्दळ आणि अडुळसा लावा. अंगण असेल तर शेवगा आणि केळ लावा. शेंगा आणि केळफूल तुम्हाला, रस शिंजिराला. लेआऊटमध्ये मोकळी जागा असेल तर पळस, पांगारा, काटेसावर यांतलं एखादं, आणि झुडपांत धायटी व मुरडशेंग. धायटी आणि पळस होळीच्या आगेमागे फुलतात, मुरडशेंग पावसाळ्यात. एवढ्या जोडणीने वर्षातले बरेचसे महिने भरून निघतात. घाणेरीवर शिंजीर येतो हे खरं, पण ती मुद्दाम लावू नका; आपल्या जंगलांत ती आधीच पुष्कळ पसरली आहे. आंब्याच्या एखाद्या फांदीवर बांडगूळ असेल तर त्याच्या लांबट फुलांवर बसणारा शिंजीर पाहून मगच कोयता उचला. झाड दमत नसेल तर एक झुबका राहू द्यायला हरकत नाही.

रोपं लावायची ती मृगाचा पाऊस पडल्यावर. हमेलिया आणि जास्वंद फांदीवरून येतात, ओळखीच्यांकडून मागून आणा. येत्या उन्हाळ्यापर्यंत कुंडीत फूल धरलं, तर साखरपाणी फक्त मे महिन्यापुरतं ठेवा; पुढच्या एक-दोन वर्षांत कदाचित तेही लागणार नाही. डबी फडताळात गेली आणि शिंजीर तरी येतच राहिला, म्हणजे काम जमलं.